विचारल्याशिवाय सही नको

मुलाखत संपत आली की समोरचा माणूस फाइल मिटतो आणि म्हणतो, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." सोलापूरच्या मुलामुलींचं यावरचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, "नो सर, थँक यू सर." इथल्या कॉलेजांतल्या सराव मुलाखतींना बसताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटतं. कारण हेच उत्तर देणाऱ्या मुलाला नंतर कँटीनपाशी गाठलं तर त्याच्याकडे प्रश्नांचा ढीग असतो. हातात किती येतील? ऑफिस पुण्यात नेमकं कुठं? बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का? पहिले सहा महिने ट्रेनी म्हणून धरणार का? हे सगळं तो मित्राला विचारतो, सीनियरला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, मामाला विचारतो. ज्याला उत्तर खात्रीनं ठाऊक आहे आणि उद्या त्या उत्तरासाठी ज्याला धरता येईल, त्या एका माणसाला मात्र विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे : आपला पैसा, आपला वेळ आणि आपली सुरक्षितता यांच्याशी संबंध असलेला प्रश्न होकार देण्याआधी विचारलाच पाहिजे, आणि तो विचारता यावा ही जबाबदारी एकट्या बावीस वर्षांच्या मुलावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

घरातून निघताना त्याला काय सांगितलं जातं ते आठवा. "विचारतील तेवढंच बोल. पगाराचं तू काढू नको. मिळतंय ते घे, पुढचं पुढं बघू." असं सांगणारे आईबाप भित्रे नसतात. त्यांनी हे शहर रिकामं होताना पाहिलेलं असतं. जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर इथल्या घरांचं वेळापत्रक चाले. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कायम नोकरीतली माणसं मिळेल त्या रोजंदारीवर गेली. ज्या घरानं हे सोसलं, त्या घरात नोकरी ही वस्तू जपून, आवाज न करता उचलायची असते. भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या भीतीतून दिलेला सल्ला आजच्या मुलाच्या कामाचा नाही.

गिरणीच्या काळात एकट्या कामगाराला गेटवर उभं राहून अटी विचाराव्या लागत नव्हत्या, हे आपण विसरतो. बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणारा, सकाळी दारात उभा राहायचा तेव्हा तोही गप्पच असायचा, पण त्याच्या वतीनं विचारणारी युनियन होती. महागाई भत्ता, बोनस, पाळीचे तास यांचे प्रश्न तिच्या तोंडून जात. आज ट्रेनी म्हणून लागणाऱ्या पदवीधराच्या मागं कुणी नाही. सगळ्यांच्या वतीनं विचारणारा आवाज गेला आणि स्वतःसाठी विचारण्याची सवय आपण लावली नाही. मधल्या या पोकळीत आपली मुलं सह्या करत सुटली आहेत.

आणि याच शहरात, याच घरांत, विचारल्याशिवाय कामाला हात न लावणारी माणसंही आहेत. बिडी कारखान्यात पान-तंबाखू घ्यायला गेलेली बाई पानाचा गठ्ठा तिथंच उलटून बघते. पान वाळकं आहे, फाटकं आहे, याच्यात हजार बिड्या कशा बसवू, हे ती तिथंच उभं राहून विचारते, कारण घरी गेल्यावर विचारून उपयोग नसतो. पान कमी पडलं तर पदरमोड तिची, आणि खराब म्हणून बिड्या बाजूला काढल्या तर मजुरी कापली जाणार तिचीच. यंत्रमागावर नव्या कारखान्यात जाणारा विणकर आधी विचारतो : माल कुठला, टॉवेल की चादर, सूत कसं, पिसाला दर काय, उचल किती मिळेल. या प्रश्नांना कुणी उद्धटपणा म्हणत नाही. ते कामाचं बोलणं असतं. मग त्याच बाईचा मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीत मुलाखतीला जातो, तेव्हा तिनं रोज केलेली गोष्ट त्याला अशोभनीय का वाटावी?

याचं एक कारण मला दिसतं ते ओळखीचं. आपल्याकडं पहिली नोकरी बहुतेकदा कुणीतरी शब्द टाकल्यामुळं मिळते. मामांच्या ओळखीचे शेठ, वडिलांच्या मित्राचा साडू, समाजातले कुणी वजनदार अण्णा. "मी शब्द टाकलाय, मला मान खाली घालायला लावू नको," हे ऐकून गेलेला मुलगा पगार विचारणार कसा? त्यानं तोंड उघडलं तर अपमान शेठचा नव्हे, मामांचा होतो. त्यामुळं मुलगा रुजू होतो, आणि महिना उलटल्यावर हातात पाकीट पडतं तेव्हा त्याला आपला पगार कळतो. असे पगार कळलेली मुलं मी पाहिली आहेत. घरी सांगता येत नाही, मामांना विचारता येत नाही, सोडताही येत नाही; सोडली तर पुन्हा मामांचा शब्द पडतो. शब्द टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दाराशी नेऊन उभं केलंत, उपकार झाले. आता दोघांच्या देखत एवढं म्हणा, "पगार, वेळ, सुट्टी काय ते तुम्ही दोघं बोलून घ्या, मी मध्ये नाही." या एका वाक्यानं मुलाची जीभ सुटेल, आणि उद्या बिनसलं तर दोष तुमच्या माथी येणार नाही.

कॉलेजांनी या बाबतीत काही केलं नाही असं नाही. ट्रेनिंगच्या तासाला मुलांना प्रश्न पाठ करून दिले जातात. कंपनीचं व्हिजन काय? पुढच्या पाच वर्षांत कंपनी कुठं असेल? माझ्यात कोणती सुधारणा हवी? मुलं ते घोकतात आणि म्हणून दाखवतात. मला हे प्रश्न पटत नाहीत. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं तुमच्या निर्णयात काडीचा फरक पडणार नाही, तो प्रश्न विचारून समोरच्याचा आणि आपलाही वेळ जातो. अमुक उत्तर आलं तर मी हो म्हणेन आणि तमुक आलं तर थांबून विचार करेन, असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं तो खरा प्रश्न.

असा एक प्रश्न मी प्रत्येक मुलाला आवर्जून सांगतो : "माझ्याआधी या जागेवर कोण होतं, आणि ते आता कुठं आहेत?" माणूस बढती मिळून वर गेला असेल तर समोरचा आनंदानं सांगतो, तपशिलासकट सांगतो. जागा नवीन असेल तर ती का काढली, काम किती आणि कशाचं, हे ओघानं येतं. आणि वर्षात तिसरा माणूस शोधताहेत असं असेल, तर उत्तर गुळमुळीत येतं किंवा मागच्या माणसाची निंदा ऐकायला मिळते. तिन्ही वेळा मुलाला कामाची माहिती मिळालेली असते. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय हवंय, शिकवणार कोण, हेही तसेच पोटतिडकीचे प्रश्न. कामात ज्याचा जीव आहे तोच हे विचारतो, आणि समंजस मालकाला ते कळतं.

पैशाकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथं होते. कॅम्पसच्या फलकावर ‘पॅकेज ३.६ लाख’ असं लिहिलेलं असतं. मुलगा बाराने भागतो आणि घरी सांगतो, तीस हजार. आता हिशोब मांडून बघू. समजा मूळ पगार निम्मा, म्हणजे १५,००० रुपये. त्यावर मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,८०० रुपये. तो बहुतेक कंपन्या पॅकेजमध्येच धरतात. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, सुमारे ७२० रुपये धरले जातात, जे तिथं ठरावीक काळ टिकल्याशिवाय मिळत नाहीत. दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल तर ३,००० रुपये दर महिन्याला येतच नाहीत, वर्षाअखेरीस आले तर आले. विम्याचा हप्ता ५०० धरू. उरले सुमारे २४,०००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की हातात येतात साधारण २२,०००. यात कुणी कायदा मोडलेला नाही. पीएफचा पैसा शेवटी मुलाचाच आहे, तो कापला जातो हे चांगलंच आहे. पण ज्या बापानं तीस हजार धरून मुलाच्या पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट भरलं आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरवला, त्याच्या हिशोबात दरमहा आठ हजारांचं भगदाड पडतं. "सर, महिन्याला बँकेत किती जमा होतील?" एवढं एक वाक्य ते भगदाड आधीच दाखवतं.

बाँडचंही तसंच. काही मुलं समजतात, बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही. ही समजूत धोक्याची आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये, तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथं सरकारी बँक होती, भरतीची खर्चिक प्रक्रिया होती, हे न्यायालयानं लक्षात घेतलं; म्हणून कुठल्याही कंपनीनं टाकलेला कुठलाही आकडा वसूल होईल असं नाही. करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार भरपाई वाजवीच असावी लागते. पण हे कोर्टात जाऊन सिद्ध करायची पाळी कुणावर येऊ नये. किती काळ, किती रक्कम, कशाच्या बदल्यात, आणि कंपनीनंच काढलं तर काय, हे सहीच्या आधी विचारायचं. मूळ मार्कलिस्ट कंपनीकडं ठेवून घेणार का, हेही. मूळ कागद पडताळणीला दाखवावेत, ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याची मूळ प्रमाणपत्रं दुसऱ्याच्या कपाटात आहेत तो पुढच्या मुलाखतीला जाणार काय घेऊन?

काही गोष्टी समोरच्याला न विचारताही तपासता येतात. पीएफ संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की पीएफचा भरणा कोणत्या महिन्याचा, किती माणसांचा झाला ते दिसतं. दोनशे माणसं कामाला आहेत असं सांगणाऱ्या कंपनीचा भरणा बारा जणांचा दिसला, तर मुलाखतीला जाताना एक चांगला प्रश्न खिशात असतो.

मुलींच्या बाबतीत हे सगळं जास्त निकडीचं आहे. एका सराव मुलाखतीला शहराच्या पूर्व भागातली बी.कॉम. झालेली मुलगी आली होती. पॅनेलवर माझ्या शेजारी गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचे मालक बसले होते. मुलीचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, उत्तम; बोलणं हळू. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, काही विचारायचंय का. तिनं ओढणीचं टोक सोडलं आणि विचारलं, "शाळांच्या सीझनला संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबावं लागेल, सर? आमच्याकडं नऊनंतर रिक्षा मिळत नाही." मालक क्षणभर थबकले. मग म्हणाले, एप्रिल-मेमध्ये साडेनऊ होतातच. "मग त्याचे पैसे वेगळे मिळतात, की पगारातच धरलेले असतात?" मालकांनी पेन काढून समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. नंतर चहा घेताना ते मला सांगत होते, दर मे महिन्यात अकाउंटची मुलगी सोडून जाते, आजकालच्या पोरींत चिकाटी नाही. उशिरापर्यंत थांबण्याचा विषय मुलाखतीत तुम्ही स्वतःहून काढता का, असं मी विचारलं. तो विषय त्यांनी कधीच काढला नव्हता.

रात्रपाळी असेल तर स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या कायद्यानं घातलेल्या अटी आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे. समितीवर कोण आहे हे विचारलं म्हणून कुणी मुलीला ‘जड जाणारी’ समजत असेल, तर अशा जागी ती लागली नाही हे बरंच झालं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. "तुमचं बोलणं ठीक आहे, पण गरजवंताला अक्कल नसते. घरी चूल पेटायची आहे, तिथं प्रश्न कसले विचारता?" हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. प्रश्न विचारल्यामुळं एखादी नोकरी हातची जाते, हे खरं आहे. पण चुकीच्या नोकरीचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो गरजवंतालाच. सुखवस्तू घरचा मुलगा दोन महिन्यांत नोकरी सोडून घरी येऊ शकतो. ज्यानं हातउसने घेऊन पुणं गाठलं, त्याला परतीचं तिकीटही महाग असतं. शिवाय विचारणं म्हणजे अडून बसणं नव्हे. बावीस हजार कळल्यावरही तो हो म्हणू शकतो. पण मग खोली कुठल्या भागात घ्यायची, घरी किती पाठवायचे, हे त्याला ठरवता येतं. गरज असलेल्यानं नोकरी घ्यावी, डोळे उघडे ठेवून घ्यावी.

प्रश्नालाही वेळकाळ असते, हे मान्य. खुर्चीवर टेकल्या टेकल्या सुट्ट्या किती विचारणारा मुलगा मलाही रुचत नाही. आधी कामाचं बोलावं. समोरच्यानं "कधी रुजू होऊ शकता" असं विचारलं, की दार उघडलं असं समजावं. पैसा, पाळी, बाँड, नोटीस पिरियड तिथं काढावा. तिथंही धीर झाला नाही तर दुसऱ्या दिवशी ई-मेल करावा, उत्तर लेखी येतं हा वरचा फायदा. इंग्रजी अडत असेल तर मराठीत विचारावं, हिंदीत विचारावं. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि रस्त्यावर दखनी बोलत वाढलेली आपली मुलं एका परक्या वाक्यासाठी आपला पगार अंधारात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नोकरी देणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चिंचोळीत, गावातल्या दुकानांत आणि दवाखान्यांत एकच तक्रार ऐकू येते : मुलं टिकत नाहीत. ती पुण्याला जातात हे खरं, तिथले पगार तुम्हाला देता येत नाहीत हेही खरं. पण जी थांबायला तयार होती, त्यांतली कितीतरी जण न सांगितलेल्या अटी पहिल्या महिन्यात कळल्यावर निघून जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणं हे मालकाचं कर्तव्य ठरलं आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जादा कामाला दुप्पट दर, हेही त्यांत आहे. कायदा कागद मागतोच आहे, तर तो रुजू झाल्यावर कपाटातून काढण्याऐवजी मुलाखतीच्या टेबलावर ठेवायला हरकत काय? "हे वाच, अडलं तर विचार," असं म्हणणारा मालक मुलाच्या लक्षात राहतो. आठ हजार जास्त देणाऱ्या पुण्याशी झुंजायला आपल्याजवळ घरचं जेवण आहे, आईबापांची सोबत आहे. त्यात चोख बोलणं मिळवलं तर काही मुलं नक्की थांबतील.

कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांकडून मला एवढंच हवं आहे. ड्राइव्हची तारीख देण्याआधी कंपनीकडून एक पान भरून घ्यावं : दरमहा हातात येणारी रक्कम, कामाचं ठिकाण आणि पाळी, बाँडचा काळ आणि रक्कम, मूळ कागद ठेवणार की नाही. ते पान पॅकेजच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत फलकावर लावावं. सराव मुलाखतीत विद्यार्थ्याच्या प्रश्नांनाही गुण द्यावेत, आणि ‘नो सर’ म्हणणाऱ्याला पुन्हा बसवावं. कंपन्या बिथरतील, येणार नाहीत, असं प्लेसमेंट अधिकारी म्हणतात. जी कंपनी महिन्याचा पगार फलकावर लिहू देत नाही, ती आपल्या आकडेवारीत एक रांग वाढवेल, पण आपल्या विद्यार्थ्याचं भलं करेल याची खात्री कोण देणार? आपलं विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं. जिल्हा एकच असल्यानं सगळ्या संलग्न कॉलेजांना एकच नमुना पान देणं त्याला अवघड नाही. यंदाच्या भरतीच्या हंगामापासून हे सुरू करायला एक परिपत्रक पुरेल.